पराक्रम कालचा, मुशाहिरा उद्याचा

७ ऑक्टोबर २०११ च्या रात्री फिलाडेल्फियाच्या मैदानात रायन हॉवर्ड नावाचा धिप्पाड, डावखुरा फलंदाज आपल्या संघाचा शेवटचा आधार म्हणून बॅट सावरून उभा राहिला, तेव्हा त्या संघाच्या नावावर मोसमातील १०२ विजय जमा होते, समोरच्या सेंट लुईस कार्डिनल्सची आघाडी केवळ एका धावेची होती, आणि ती फेडून टाकण्यास हॉवर्डच्या बॅटीतून निघालेला एक होम रन पुरेसा झाला असता. होम रन निघाला नाही. चेंडू जमिनीवरून घरंगळत दुसऱ्या बेसच्या रक्षकाकडे गेला, त्याने तो पहिल्या बेसवर फेकला, आणि सामन्याबरोबर फिलाडेल्फियाचा मोसमही आटोपला. पाहुणे एकमेकांच्या अंगावर उड्या घेत असता यजमानांचा हा सहा फूट चार इंचांचा गडी पहिल्या बेसच्या वाटेवर कोसळून पडला होता. उठू पाहत होता, आणि उठता येत नव्हते. डाव्या टाचेमागची जाड शीर तुटली होती.

या प्रसंगाची खरी मौज, आणि खरे कारुण्यही, मैदानाबाहेरच्या कागदपत्रांत आहे. हॉवर्डचा पाच वर्षांचा, साडेबारा कोटी डॉलरांचा करारनामा दीड वर्षापूर्वी, एप्रिल २०१० मध्येच, सहीशिक्क्यानिशी पुरा झाला होता; परंतु जुन्या कराराची मुदत शिल्लक असल्यामुळे त्याचा अंमल सुरू व्हायचा होता तो २०१२ च्या मोसमापासून. म्हणजे पहिला हप्ता देय होण्यापूर्वीच ज्या पायांवर हा सारा व्यवहार उभा होता त्यांतला एक निकामी झाला. २००६ साली ५८ होम रन ठोकून सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविणारा हा पुरुष २०१२ मध्ये ७१ सामन्यांत १४, आणि त्याच्या पुढच्या साली ८० सामन्यांत ११ होम रनांवर आला. पैसे मात्र कलमाबरहुकूम, एक डॉलरही न घटता, २०१६ अखेरपर्यंत मिळत राहिले. आणि त्या रात्री पहिल्या बेसवर उभे राहून तो शेवटचा चेंडू ज्याने झेलला तो आल्बर्ट पुहोल्स, त्यानंतर दोनच महिन्यांनी, याहून दुप्पट मुदतीच्या आणि जवळजवळ दुप्पट रकमेच्या कागदावर सही करणार होता.

ज्यांचे बालपण चेंडूफळीच्या आट्यापाट्यांत गेले अशा आपल्या वाचकांस येथे थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. बेसबॉलमध्ये मैदानाच्या कुंपणापलीकडे चेंडू भिरकावून देणाऱ्या, पल्लेदार फटक्याच्या फलंदाजास 'स्लगर' म्हणतात. क्रिकेटमधील वय झालेल्या फलंदाजाला आपली म्हातारपणाची काठी पुष्कळ प्रकारे लपविता येते. तो बाहेरचा चेंडू सोडून देतो, नुसती बॅट सरळ धरून दिवस काढतो, एकेरी धावांवर गुजराण करतो, आणि अनुभवाच्या पुण्याईवर तिशीच्या उत्तरार्धातही शतके काढतो. बेसबॉलच्या फलंदाजाला असा आसरा नाही. साडेसाठ फुटांवरून ताशी पंचाण्णव मैलांच्या वेगाने सुटलेला चेंडू त्याच्यापर्यंत सुमारे चार दशांश सेकंदात येऊन पोहोचतो, त्यातला निम्माशिम्मा वेळ चेंडू ओळखण्यात जातो, आणि उरलेल्या क्षणार्धात कमरेपासून मनगटापर्यंतचे अवघे शरीर एका फिरकीत सोडून द्यावे लागते. हा हिशेब इतका घट्ट आहे की दृष्टीला किंवा कमरेला किंचित विलंब झाला, म्हणजे कालचा होम रन आज उंच उडालेला सोपा झेल होतो. त्यात गेल्या दीड दशकात गोलंदाजांच्या वेगवान चेंडूचा सरासरी वेग सुमारे ९२ मैलांवरून ९४ च्या घरात गेला आहे. म्हणजे एकीकडे फलंदाज मंदावतो, तर दुसरीकडे चेंडू वेगावतो. आणि या दोन उलट दिशांच्या गतींमध्ये तिशी ओलांडलेला गडी भरडून निघतो.

ही गोष्ट अमेरिकन मालकांना ठाऊक नव्हती असे मात्र कोणी समजू नये. कॅन्सस राज्यात डबाबंद अन्नाच्या एका कारखान्यात एके काळी रात्रीचा पहारा करणाऱ्या बिल जेम्स नावाच्या हिशेबी गृहस्थाने आपल्या १९८२ च्या वार्षिकात आकड्यांनिशी दाखवून दिले होते की फलंदाजाच्या कर्तृत्वाचा मध्यान्ह सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास येतो आणि तेथून उतरण लागते. याच जेम्सने पुढे आणखी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले, ते मला अधिक मोलाचे वाटते. ज्याच्यापाशी तरुणपणीच म्हातारपणाचे गुण असतात, म्हणजे पाय जड पण फटका भारी, धावणे कमी पण चेंडू निवडण्याचा संयम दांडगा, तो गडी इतरांपेक्षा लवकर उताराला लागतो. कारण चपळ खेळाडूची चपळाई गेली तरी त्याला भारदस्तपणा शिकता येतो. परंतु जो पंचविशीतच भारदस्त होता, त्याने पस्तिशीत कशाचा आश्रय करावा? स्लगर म्हटला की तो बहुधा याच जातीचा असतो. शिवाय पहिला बेस हे क्षेत्ररक्षणातले सर्वांत कमी धावपळीचे ठिकाण. तेथूनही उठवले, तर त्याच्यासाठी उरते ती केवळ फलंदाजीपुरती नेमणूक, आणि अशी तैनाती नॅशनल लीगमध्ये २०२२ पर्यंत, एका मोसमाचा अपवाद सोडता, नव्हतीच.

मग इतके जाणूनही ही मंडळी बत्तिशीच्या माणसाला दहा दहा वर्षांचे कागद का लिहून देतात? वृत्तपत्रांतून याचे उत्तर बहुधा मालकांच्या मूर्खपणात शोधले जाते, आणि श्रीमंत माणूस मूर्ख निघाला म्हणजे गरिबाला जे समाधान वाटते त्यामुळे ते उत्तर लोकप्रियही होते. मला ते पटत नाही. माझ्या मते हे दीर्घ करार म्हणजे वस्तुतः थकबाकीची वसुली आहे, आणि त्या वसुलीत एवढीच गोम आहे की कर्ज एकाने काढलेले असते आणि ते फेडतो बहुधा दुसराच.

या थकबाकीचे मूळ जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बेसबॉलच्या करारनाम्यांत एक कलम असे होते की मुदत संपली तरी खेळाडू त्याच संघाशी बांधलेला राहील. त्याला विकता येईल, अदलाबदलीत देता येईल, परंतु त्याने आपण होऊन धनी बदलता कामा नये. १९६९ साली सेंट लुईस कार्डिनल्सनी कर्ट फ्लड या आपल्या नामांकित खेळाडूची रवानगी फिलाडेल्फियाला करून टाकली, (होय, याच दोन संघांत हा व्यवहार झाला,) तेव्हा, आपण गोठ्यातले जनावर नाही, असे म्हणून त्याने जाण्याचे नाकारले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. १९७२ साली तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला, आणि त्याची कारकीर्द त्यातच संपली. परंतु मार्व्हिन मिलर या कसलेल्या मुखत्याराच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने तोच मुद्दा लवादापुढे लावून धरला, आणि १९७५ च्या डिसेंबरात पीटर साइट्झ या लवादाने मेसरस्मिथ व मॅकनॅली या दोन गोलंदाजांच्या बाजूने निकाल देऊन ते शतकभराचे जोखड मोडून काढले.

जोखड मोडले, पण पुरते नाही. पुढच्या तडजोडीत असे ठरले की खेळाडूने सहा वर्षांची सेवा पुरी केल्यावर त्याला बाजारात आपली बोली लावता यावी. त्यांतली पहिली तीनएक वर्षे त्याला जवळजवळ किमान वेतनावर काढावी लागतात, आणि नंतरची लवादाच्या तराजूवर. आता तेविशी-चोविशीत प्रवेश करणाऱ्या तरुणाची सहा वर्षे मोजा, म्हणजे तो एकोणतिशी-तिशीला येतो. सत्ताविसाव्या वर्षाचा तो मध्यान्ह केव्हाच मागे पडलेला असतो. ज्या वर्षांत तो लाखमोलाचा होता त्या वर्षांत त्याला विकण्याची मुभा नव्हती, आणि जेव्हा मुभा मिळाली तेव्हा विकण्यासाठी उरली ती उतरणीची वर्षे. तो मागतो कालच्या पराक्रमाचे मोल, मालक देतो उद्याच्या वर्षांचा मुशाहिरा, आणि दोघेही कागदावर असे दाखवितात की व्यवहार भविष्याचा आहे.

पुहोल्सचेच पाहा. सांतो दोमिंगोत जन्मलेल्या या मुलाला नव्या खेळाडूंच्या १९९९ च्या निवडीत तेराव्या फेरीपर्यंत कोणी विचारले नाही; त्याच्या आधी ४०१ जणांची नावे पुकारून झाली होती. २००१ साली तो कार्डिनल्सकडून उतरला तेव्हा त्याचे वेतन होते दोन लक्ष डॉलर, म्हणजे त्या काळचे किमान, आणि त्या वेतनावर त्याने पदार्पणातील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविला. पुढे २००४ मध्ये त्याला सात वर्षांचे दहा कोटी मिळाले खरे. तथापि २००५, २००८ आणि २००९ असे तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या, २००६ व २०११ ची दोन अजिंक्यपदे मिळवून देणाऱ्या, अकरा मोसमांत ४४५ होम रन मारून दर हजार डावांमागे ३२८ यशस्वी फटक्यांची सरासरी राखणाऱ्या फलंदाजाला ती रक्कम स्वस्तच म्हटली पाहिजे. २०११ च्या अंतिम मालिकेत एकाच सामन्यात तीन होम रन मारून त्याने सेंट लुईसचा निरोप घेतला, आणि डिसेंबरात तो लॉस एंजेलिस एंजल्सच्या गोटात दाखल झाला. कार्डिनल्सनीही हात अगदीच आखडता घेतला नव्हता. त्यांचाही दीर्घ मुदतीचा प्रस्ताव होता, पण रक्कम बरीच कमी होती.

एंजल्सचे मालक आर्टी मोरेनो हे रस्त्याकडेच्या जाहिरातफलकांच्या धंद्यात वर आलेले गृहस्थ. मोठे नाव उंच टांगले की लोक मान वर करून पाहतात, हे तत्त्व त्यांच्या अंगी इतके मुरलेले असावे की दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणहक्कांचा नवा करार होत असता पुहोल्सहून उंच टांगण्याजोगे दुसरे नाव त्यांना दिसले नाही. कागद झाला तो दहा वर्षांचा, चोवीस कोटी डॉलरांचा, आणि त्याखेरीज निवृत्तीनंतर दहा वर्षे संघाची सेवाचाकरी करण्याबद्दल वर्षास दहा लक्ष डॉलरांचे जणू वर्षासनही त्यात लिहिलेले होते. या कागदातील सर्वांत वाचनीय भाग म्हणजे हप्त्यांची उतरंड, किंवा खरे म्हणजे चढण. २०१२ साली, बत्तिसाव्या वर्षी, त्याला मिळायचे होते एक कोटी वीस लक्ष; दुसऱ्या साली एक कोटी साठ; तिसऱ्या साली दोन कोटी तीस; आणि तेथून दरसाल दहा दहा लाखांची पायरी चढत २०२१ साली, एक्केचाळिसाव्या वर्षी, तीन कोटी. फलंदाज जसजसा डोंगर उतरत जाणार तसतसा त्याचा पगार डोंगर चढत जाणार, आणि या दोन रेषा जेथे एकमेकींना छेदून जातील त्या ठिकाणी उभे राहून मालकाने हसतमुखाने छायाचित्र काढून घ्यायचे, असा तो मसुदा होता.

घडले ते असे. पहिल्या महिन्यात एकही होम रन नाही. पहिला निघाला तो ६ मे रोजी. दुसऱ्या मोसमात टाचेखालच्या स्नायुपटलाचे जुने दुखणे इतके बळावले की ९९ सामन्यांनंतर घरी बसावे लागले. पुढे टप्पे येत गेले, आणि ते सारे खरे, मानाचे टप्पे होते: २०१४ मध्ये पाचशेवा होम रन, २०१७ मध्ये सहाशेवा, २०१८ मध्ये तीन हजारावा यशस्वी फटका. पण टप्प्यांच्या मधला रस्ता खाचखळग्यांचा होता. ज्या साली सहाशेवा होम रन झाला त्याच साली त्याची सरासरी हजारी २४१ वर आली. पाय इतके जड झाले होते की त्याने मारलेला चेंडू, अजूनही जोरात मारलेला, थेट रक्षकाच्या हाती गेला म्हणजे एका फटक्यात दोन गडी बाद होत. आणि असे दुहेरी बाद होण्याचा इतिहासातील उच्चांक आज त्याच्या नावावर आहे. या नोंदीत मला त्याच्या उत्तरायुष्याचे सगळे सार दिसते. चेंडू पुरेसा वेगाने जाण्यासाठी खांदे शाबूत असावे लागतात, आणि दोन गडी बाद होण्यासाठी पाय थकलेले. दुबळ्या फलंदाजाला हा विक्रम करताच येत नाही. दहा वर्षांत एंजल्स एकदाच, २०१४ साली, बाद फेरीत गेले, आणि तेथेही एक सामना न जिंकता परतले.

उलट सेंट लुईसचा जमाखर्च पाहा. पुहोल्स गेल्याची भरपाई म्हणून नियमाप्रमाणे एंजल्सच्या वाट्याची पहिल्या फेरीतील निवड त्यांना मिळाली. तिच्यातून त्यांनी मायकेल वाका नावाचा विशीतला गोलंदाज उचलला, आणि २०१३ च्या ऑक्टोबरात तोच पोरगा लीगच्या अंतिम मालिकेचा मानकरी होऊन कार्डिनल्सना अजिंक्यपदाच्या लढतीत घेऊन गेला.

पण माझ्या थकबाकीच्या सिद्धांताला सर्वांत चांगला पुरावा एंजल्सच्याच कोठीत सापडतो. २०१३ साली त्या संघात पुहोल्सच्या बरोबर माइक ट्राउट नावाचा एकवीस वर्षांचा तरुण खेळत होता. मोसमाचा मोठा भाग दुखण्यात घालविणाऱ्या पुहोल्सला त्या वर्षी एक कोटी साठ लक्ष डॉलर मिळाले; आणि ट्राउटला, जो त्या क्षणी कदाचित पृथ्वीतलावरील सर्वोत्तम बेसबॉलपटू होता, मिळाले पाच लक्ष दहा हजार, किमान वेतनाहून वीस हजारांनी अधिक. एकाच्या मागच्या दशकाचे कर्ज फेडण्यासाठी दुसऱ्याच्या नावे नवे कर्ज उभे राहत होते. ते फिटू लागले आहे २०१९ पासून, जेव्हा ट्राउटच्या नावे बारा वर्षांचा, साडेबेचाळीस कोटींहून अधिक रकमेचा कागद झाला, आणि त्यानंतर पोटरी, पाठ, हात, गुडघा असे त्याच्या देहाचे एकेक खाते तोट्यात जाऊ लागले. हा करार २०३० पर्यंत चालायचा आहे. येथे निदान एवढे तरी न्याय्य आहे की ज्याने तारुण्य वापरले तोच धनी ते बिल भरतो आहे.

पैशाच्या नुकसानीपलीकडचा धोका मात्र या आकड्यांत दिसत नाही. सुज्ञ व्यापारी बुडीत रक्कम बुडाली म्हणून सोडून देतो; परंतु दोन कोटींचा माणूस बाकावर बसविणे म्हणजे मालकाच्या चुकीची रोज संध्याकाळी हजारो लोकांसमोर कबुली देणे, आणि म्हणून व्यवस्थापक त्याला खेळवीत राहतो, संघाची एक जागा अडून राहते, कोणी होतकरू पोरगा उपनगरी मैदानांवर वाट पाहत म्हातारा होतो. याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण बाल्टिमोरच्या ख्रिस डेव्हिसचे. २०१३ साली ५३ आणि २०१५ साली ४७ होम रन मारून त्याने दोन्ही वेळा सर्वांना मागे टाकले. जानेवारी २०१६ मध्ये त्याला सात वर्षांचे सोळा कोटी दहा लक्ष मिळाले, आणि त्या वेळी जाणते लोक म्हणाले की दुसरा गिऱ्हाईक समोर नसता बाल्टिमोरने आपल्याच बोलीवर बोली चढविली. २०१८ मध्ये त्याची सरासरी हजारी १६८ झाली. पूर्ण मोसम खेळलेल्या फलंदाजाची इतकी नीचांकी सरासरी इतिहासात नव्हती. त्या मोसमाच्या अखेरीस एक दुष्काळ सुरू झाला तो नव्या मोसमातही हटेना: सलग ५४ वेळा बॅट घेऊन जाणे आणि ५४ वेळा रिकाम्या हाती परत येणे. घरचे प्रेक्षक प्रथम हुर्यो करीत. पुढे पुढे त्यांनाच कणव आली आणि ते टाळ्या वाजवून धीर देऊ लागले. मला वाटते हुर्योपेक्षा त्या टाळ्या त्याला जड गेल्या असतील. अखेर १३ एप्रिल २०१९ रोजी बॉस्टनच्या फेनवे पार्कवर चेंडू एकदाचा मोकळ्या जागी पडला, दोन धावा आल्या, आणि पहिल्या बेसवर पोहोचलेल्या डेव्हिसने हसत हसत तो चेंडू स्वतःसाठी मागून घेतला. एका साध्या, एकेरी फटक्याचा चेंडू! दोन वर्षांनी कमरेच्या शस्त्रक्रियेनंतर तो निवृत्त झाला; पण त्याच्या करारातील चार कोटी वीस लक्ष डॉलर लांबणीवर टाकलेले असल्यामुळे बाल्टिमोरच्या खतावणीतून त्याचे नाव २०३७ पर्यंत पुसले जाणार नाही.

अशी आणखी नावे सांगता येतील. डेट्रॉइटने प्रिन्स फील्डरला २०१२ मध्ये नऊ वर्षांचे एकवीस कोटी चाळीस लक्ष दिले. दोनच मोसमांनी त्याला टेक्ससला धाडताना पदरचे तीन कोटी वर दिले. आणि मानेच्या मणक्यांवर दोनदा शस्त्रक्रिया झाल्यावर ऑगस्ट २०१६ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, गळ्याला पट्टा बांधलेल्या अवस्थेत, दोन्ही मुलांना शेजारी घेऊन, त्याने आपला खेळ संपल्याचे सांगितले. त्याचे एकूण होम रन ३१९. आणि त्याचा बाप सेसिल, तोही नामांकित स्लगर, त्याचेही बरोबर ३१९. त्याच डेट्रॉइटने २०१२ चा त्रिमुकुटधारी मिगेल काब्रेरा याला, करार संपण्यास दोन मोसम बाकी असतानाच, आणखी आठ वर्षांचे चोवीस कोटी ऐंशी लक्ष लिहून दिले, ते त्याच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत पुरले. त्याचे दंडाचे स्नायू तितके पुरले नाहीत.

उलट दाखले नाहीत असे नाही, आणि ते दडविणे अप्रामाणिकपणाचे होईल. बॉस्टनच्या डेव्हिड ऑर्टिझने चाळिसाव्या वर्षी, निवृत्तीच्या मोसमात, ३८ होम रन मारले. नेल्सन क्रूझला सिअॅटलने चौतिसाव्या वर्षी चार वर्षांचे पाच कोटी सत्तर लक्ष दिले आणि त्याने त्या चार मोसमांत १६३ होम रनांनी त्यांची परतफेड केली. पण गंमत अशी, की या दोघांपैकी कोणालाही त्या वयात कोणी दहा वर्षे देऊ केली नव्हती. ज्याचे वय बाजाराच्या नजरेस आले त्याला छोटी मुदत मिळते आणि तो स्वस्तात सोने देतो; दीर्घ मुदत मिळते ती ज्याचे वय अद्याप कोणाच्या डोळ्यांत भरलेले नाही त्याला.

अलीकडे मालकांनी या विद्येत एक नवी मखलाशी काढली आहे. ठराविक मर्यादेपलीकडे खर्च करणाऱ्या संघावर जो कर बसतो, तो करारातील रकमेच्या वार्षिक सरासरीवर आकारला जातो. म्हणून रक्कम तीच ठेवून वर्षे वाढविली की सरासरी खाली येते. तिशीतल्या झँडर बोगार्ट्सला २०२२ च्या डिसेंबरात अकरा वर्षे मिळाली ती सॅन डिएगोला त्याच्या चाळिशीचा भरवसा वाटला म्हणून नव्हेत. शेवटची तीनचार वर्षे हा केवळ पैसे पसरून वाळत घालण्याचा दोर होता. दुसरी युक्ती रक्कम लांबणीवर टाकण्याची. तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण बॉबी बोनियाचे; न्यूयॉर्क मेट्सनी २००० साली या उतरलेल्या स्लगरचे ५९ लक्ष डॉलरांचे देणे तात्काळ न देता आठ टक्के व्याजाने पुढे ढकलले, आणि परिणामी २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला त्याला सुमारे ११ लक्ष ९३ हजार डॉलर पोहोचते होतात. त्या दिवशी अमेरिकेतील बेसबॉलवेडे लोक एकमेकांना थट्टेने शुभेच्छा देतात. २०२३ मध्ये शोहेई ओतानीच्या सत्तर कोटींच्या करारातील अडुसष्ट कोटी याच वाटेने २०३४ पासूनच्या वर्षांत ढकलले गेले, तेव्हा मात्र कोणी थट्टा केली नाही.

पुहोल्सच्या गोष्टीचा शेवट एंजल्सच्या हाती राहिला नाही. ६ मे २०२१ रोजी, तीन कोटींच्या त्या शेवटच्या वर्षात, २४ सामन्यांत हजारी १९८ ची सरासरी झाल्यावर त्यांनी त्याला फारकत दिली. उरलेला मोसम त्याने शेजारच्या डॉजर्सकडे घालविला, आणि २०२२ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, पंचवीस लक्ष डॉलरांवर, तो सेंट लुईसला परतला. शेवटच्या महिन्यांत त्याची बॅट अशी चालू लागली की जणू मधली दहा वर्षे कोणी काढून घेतली होती. मोसमात २४ होम रन झाले. २३ सप्टेंबरच्या रात्री डॉजर्सच्या मैदानावर, एंजल्सच्या अॅनाहाइमपासून फार तर तासाभराच्या मोटारवाटेवर, त्याने एकाच सामन्यात ६९९ वा आणि ७०० वा होम रन मारला, आणि बेसवरून फिरून झाल्यावर प्रतिस्पर्ध्यांच्या घरच्या प्रेक्षकांनी उभे राहून त्याला मानवंदना दिली.

कारकीर्द संपली ती ७०३ वर. त्यांतले ४६९ सेंट लुईसचे, २२२ एंजल्सचे, १२ डॉजर्सचे. पुढच्या वसंतात एंजल्सच्या सरावशिबिरात, अॅरिझोनातील टेंपी येथे, तरुण फलंदाजांना चार गोष्टी सांगायला एक वजनदार, मंद चालीचा गृहस्थ हजर झाला होता. दहा लक्षांच्या वर्षासनाचे ते कलम अद्याप जारी होते.